खानापूर-कणकुंबी पट्टा: घरात रेंज नाही, फायबर आहे, मग वायफाय कॉलिंग का चालू नाही?

जांबोटीकर
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला आता बऱ्याच गावांत केबलवाल्यांनी फायबर ओढलंय. जांबोटी-कणकुंबी रस्त्याच्या आतल्या अंगाला अशी घरं आहेत की जिथे मोबाईलची एक दांडी दिसण्यासाठी अंगणाच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागतं आणि त्याच घरात यूट्यूब न अडकता चालतं. तरुण मंडळी बेळगाव, पुणे, गोव्यात. घरी आईवडील. त्यांना फोन लावला की आधी कन्नडमधून, मग इंग्रजीतून तेच उत्तर: संपर्क क्षेत्राबाहेर.

यावर वायफाय कॉलिंग हा सरळ उपाय आहे. वेगळं ॲप नाही, वेगळा नंबर नाही, जादा पैसे नाहीत. घरचा राउटर चालू असला की आपला नेहमीचा नंबर टॉवरऐवजी इंटरनेटवरून कंपनीशी जोडला जातो. समोरच्याला काही कळतही नाही, त्याच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. ही सोय आपल्या देशात २०१९ च्या अखेरीपासून आहे. तरी गावात विचारलं तर बहुतेकांच्या फोनमध्ये ती बंदच पडलेली. कंपनीच्या दुकानात रिचार्ज करतात, पण हे बटण कुणी दाबून देत नाही.

"व्हॉट्सॲप कॉल आहे की" असं बरेच जण म्हणतात. तो पोरांसाठी ठीक आहे. पण बँकेचा फोन येतो तो नंबरवर. दवाखान्याचा, गॅस एजन्सीचा, तहसील ऑफिसचा फोन नंबरवरच येतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हिरवं बटण माहीत असतं, तेवढ्यावर काम व्हायला हवं.

इथे ज्यांनी हे चालू करून घेतलंय त्यांनी गाव, कंपनी आणि फोन कुठला ते लिहा. ज्यांचं अडलंय त्यांनी कुठे अडलं ते लिहा. आपल्या भागापुरती माहिती एका जागी जमू दे.

निपाणी_वेस
चांगला धागा. आमच्याकडे रेंज आहे, पण दुखणं वेगळं आहे. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी कागल बाजूचा महाराष्ट्राचा. मध्येच सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, बदललं की चालू कॉल तुटतो. शेत एका सर्कलमध्ये, घर दुसऱ्यात अशी माणसं आहेत आमच्यात.

नवीन पिढीला हे ठाऊक नसेल म्हणून लिहितो. पूर्वी घरात बसून रोमिंग लागायचं. मे २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, रोमिंगच्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैशांवर आणली, म्हणजे तेव्हाही आपल्याच ओसरीवर आलेला फोन उचलायला पैसे जात होते. २०१७ मध्ये कंपन्यांनी देशातलं रोमिंग काढलं तेव्हा सीमेवरच्या माणसाला जेवढा दिलासा मिळाला तेवढा मुंबईकराला मिळाला नसेल.

आता प्रश्न. सिम कर्नाटक सर्कलचं आणि फोनने महाराष्ट्राचा टॉवर धरलेला असेल, तर वायफाय कॉलिंग चालतं का? आमच्या एका पाहुण्यांच्या फोनवर कधी चिन्ह दिसतं, कधी जातं.

तारायंत्र
टेलिकॉममध्ये काम करतो, म्हणून थोडं मुळापासून लिहितो.

वायफाय कॉलिंग चालू केलं की फोन इंटरनेटवरून तुमच्या कंपनीच्या एका दारावर जाऊन उभा राहतो. त्या दाराला ई-पीडीजी म्हणतात. त्याचा पत्ता फोन स्वतः तयार करतो, तो तुमच्या सिमच्या देश-कोडवरून आणि नेटवर्क-कोडवरून. भारतात २२ सर्कल आहेत आणि एकाच कंपनीचे कोड सर्कलगणिक वेगळे असतात. एअरटेलचा कर्नाटकचा कोड ४०४-४५, महाराष्ट्राचा ४०४-९०. दारावर ओळख पटवतं ते सिमकार्ड. पासवर्ड वगैरे काही नाही, टॉवरवर जशी ओळख पटते तशीच. ओळख पटली की फोन आणि ते दार यांच्यात आयपीसेकचा (माहिती कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीचा) एक बंद बोगदा तयार होतो आणि पुढचं बोलणं त्या बोगद्यातून जातं. त्यामुळे शेजाऱ्याच्या किंवा हॉटेलच्या वायफायवरून बोललात तरी वायफायच्या मालकाला तुमचं बोलणं ऐकता येत नाही. बोगद्याच्या पलीकडे जी यंत्रणा आहे तीच ४-जीवरचे व्होल्टी कॉल सांभाळते. म्हणून घरात वायफायवर सुरू झालेला कॉल तुम्ही बोलत बोलत रस्त्यावर आलात तरी ४-जीवर सरकतो. त्यासाठी व्होल्टीही चालू हवं. काही जण ते बंद ठेवतात आणि उंबऱ्यावर कॉल तुटला की वायफायला नावं ठेवतात.

@निपाणी_वेस, सर्कलचा प्रश्न इथेच सुटतो. घरात बसून वायफायवर बोलत असाल तर मधे टॉवरच नाही, त्यामुळे कॉलच्या मध्येच सर्कल बदलण्याचा संबंध उरत नाही. मात्र पाहुण्यांच्या फोनमध्ये एक गोष्ट तपासा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफाय कॉलिंगच्या आत दोन पसंती असतात, एक नेहमीसाठी आणि एक रोमिंगसाठी. पलीकडचा टॉवर धरला की काही फोन दुसरी पसंती लागू करतात आणि तिथे मोबाईल नेटवर्कला पहिला मान दिलेला असतो. दोन्हीकडे वायफायला पहिला मान द्या.

हीच सेटिंग @जांबोटीकर यांच्या भागातही महत्त्वाची आहे. रेंज अजिबात नसेल तर फोन मुकाट्याने वायफायवर येतो. खरी फजिती होते ती मरतुकडी एक दांडी येते-जाते तिथे. फोन त्या दांडीला चिकटून बसतो, वायफायवर येत नाही, आणि बाहेरून फोन लावणाऱ्याला "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं.

तपासायची सोपी रीत: विमान मोड चालू करा, मग त्यातच वायफाय चालू करा. थोडा वेळ थांबा. वर वायफाय कॉलिंगचं चिन्ह किंवा कंपनीच्या नावापुढे वायफाय असं आलं तर सगळं नीट आहे, आता फोन लावून बघा. चिन्ह आलं नाही तर दोष राउटरकडे, फोनकडे किंवा सिमकडे आहे, टॉवरचा विचार सोडून द्या.

चंदगडी_काजू
आम्ही सीमेच्या महाराष्ट्राच्या बाजूचे, पण सोयरीक सगळी तिकडची. कंपन्यांनी ही सोय कशी वाटली ते बघण्यासारखं आहे. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीपासून सुरुवात केली आणि त्याच महिन्यात कर्नाटकात दिली. तेव्हा ती त्यांच्याच ब्रॉडबँडवर चालायची, नंतर कुठल्याही वायफायवर खुली झाली. जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर दिली, पहिल्यापासून कुठल्याही वायफायवर. व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये आधी महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता ही सर्कल घेतली. म्हणजे एकाच घाटातल्या दोन गावांत, एकाच कंपनीचं सिम, आणि एकाला आधी, दुसऱ्याला मागाहून. बीएसएनएलने सगळ्या सर्कलमध्ये दिली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये.

मलप्रभा
मी खानापुरात शिक्षिका आहे. रेंज नसण्याचा सगळ्यात मोठा त्रास आमच्या पालकांना होतो तो ओटीपीचा. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की बँकेचं काम, ओटीपी येईपर्यंत वेळ संपते. माणसं ऑनलाइन सेंटरवाल्याकडे फोनच ठेवून जातात, जे अजिबात बरोबर नाही. वायफाय कॉलिंग चालू असेल तर एसएमएस पण वायफायवरून येतो का?

दुसरं, गावात बहुतेक बायकांकडे मुलाने वापरून झालेला जुना फोन असतो. त्यात ही सोय असते का, हे बघायचं कसं?

आणि आमच्याकडे वयस्कर माणसांची सिमं बहुतेक बीएसएनएलची. जुना नंबर, तो सगळ्या कागदपत्रांना जोडलेला. तो बदला म्हणणं सोपं नाही.

तारायंत्र
@मलप्रभा ताई, एसएमएसही त्याच बोगद्यातून येऊ शकतो, यंत्रणेत तशी तरतूद आहे. फोन आणि कंपनी दोघांनी ती वापरात आणलेली असावी लागते. म्हणून विमान मोड आणि वायफाय असं ठेवून दुसऱ्या नंबरवरून एक साधा एसएमएस पाठवून बघा. तो आला तर ओटीपीही येईल. बँकेच्या कामाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

जुन्या फोनचं असं आहे. नुसतं वायफाय असून भागत नाही. फोन बनवणाऱ्याने तुमच्या कंपनीची माहिती त्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असावी लागते. म्हणून एकच फोन एका सिमवर वायफाय कॉलिंग दाखवतो आणि दुसऱ्या सिमवर तो पर्यायच गायब होतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कंपन्या मॉडेलांच्या याद्या काढत होत्या त्या यासाठीच. दुबईहून वगैरे आणलेल्या फोनमध्येही हाच घोटाळा होतो. सेटिंगमध्ये वर शोधायच्या चौकटीत "वायफाय कॉलिंग" लिहा. सापडलं तर आहे. नाही सापडलं तर आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि सिम दुसऱ्या खाचेत घालून बघा.

बीएसएनएलसाठी आधी सिम ४-जीचं आहे का बघा. नंबर तोच ठेवून सिम बदलून मिळतं. जुन्या २-जी/३-जी सिमवर हे होणार नाही.

घाटवाट
सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. पावसाळ्यात काय करायचं?

आमच्या बाजूला जूनपासून झाड पडतं, तार तुटते, करंट जातो आणि तो कधी येईल सांगता येत नाही. करंट गेला की राउटर बंद, भिंतीवरचा फायबरचा डबा बंद, वायफाय कॉलिंग बंद. आणि रस्ता बंद होतो तोही याच दिवसांत, बाळंतपण, साप, हृदयाचा त्रास हेही याच दिवसांत. ज्या वेळी फोन हवा त्याच वेळी तो मेलेला.

जुना लँडलाइन आठवा. त्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंज स्वतः वीज पुरवायचं, ४८ व्होल्ट. गावात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा, कारण बॅटऱ्या एक्स्चेंजमध्ये होत्या. फायबर ही काच आहे, तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. तांबं काढून काच घातली तेव्हा विजेची जबाबदारी गुपचूप घरमालकाच्या गळ्यात आली. हे कुणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की वायफाय कॉलिंग जरूर वापरा, पण टॉवरची मागणी सोडू नका. उद्या कुणीतरी म्हणेल, तुमच्या गावात फायबर आहे, वायफाय कॉलिंग आहे, टॉवर कशाला? टॉवर हा सगळ्यांचा असतो. रानात गुरं चारणाऱ्याला, बसची वाट बघणाऱ्या पोरीला, काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईला वायफाय कुठलं? ज्याच्या घरी महिन्याचे इंटरनेटचे पैसे परवडतात त्याचाच फोन वाजणार, हे काय बरोबर नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने रेंज नसलेल्या गावांसाठी ४-जीची योजना मंजूर केली, २६,३१६ कोटींची, २४,६८० गावांसाठी. आपल्या पंचायतीतलं कुठलं गाव त्या यादीत आहे, काम कुठवर आलं, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी विचारायला हवं. भीमगड अभयारण्यातल्या गावांचा प्रश्न आणखी अवघड. तिथे फायबरही नाही आणि टॉवर उभा करायचा तर वनखात्याची परवानगी. त्या माणसांसाठी या धाग्यातलं एकही उत्तर कामाचं नाही, हे ध्यानात असू दे.

निपाणी_वेस
घाटवाट, +१. अगदी मनातलं लिहिलंत.

जांबोटीकर
@घाटवाट, पटलं. मी टॉवर नको म्हणत नाही, टॉवर येईपर्यंत म्हातारी माणसं फोनविना राहू नयेत म्हणून धडपडतोय. दोन्ही मागण्या एकत्र धरू.

करंटवर थोडा उपाय आहे. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बहुतेक १२ व्होल्टवर चालतात आणि वीज फार कमी खातात. यासाठीच छोटी बॅटरीची पेटी मिळते, मिनी यूपीएस म्हणून. बेळगावात खडेबाजारात किंवा कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा. काही तास सहज निघतात. घेताना एवढं बघा की तुमच्या दोन्ही डब्यांच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती ॲम्पियर लिहिलंय. दोन डबे असतील तर दोन पिना लागतील. इन्व्हर्टर असेल तर हे दोन प्लग आधी त्याच्यावर घ्या, टीव्ही नंतर. पण केबलवाल्याकडचं मधलं यंत्र बॅटरीवर नसेल तर आपल्या बॅटरीचा उपयोग नाही. म्हणून त्याला स्पष्ट विचारा: लाईट गेल्यावर तुझ्याकडून लाइन किती वेळ चालू राहते? पूर्ण गावाने मिळून विचारलं तर तो ऐकतो.

आणि एक, फार महत्त्वाचं. वायफायवरून ११२ किंवा १०८ लावायची वेळ आलीच तर पहिल्या वाक्यात गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा. टॉवरवरचा कॉल कुठल्या भागातून आला ते यंत्रणेला टॉवरवरून समजतं, वायफायवर तो आधार नसतो. सीमाभागात तर राज्य सांगणं सोडूच नका, एकाच नावाची गावं दोन्हीकडे आहेत. आईवडिलांना हे आधी तोंडपाठ करून ठेवा.

अनगोळ_नाका
शहरातही याची गरज आहे बरं का. नव्या अपार्टमेंटांच्या तळमजल्यावर, दवाखान्यांच्या बेसमेंटमध्ये रेंज मरते. आमच्या कॉलेजच्या वायफायवर मात्र हे चालत नाही, घरी त्याच फोनवर चालतं. कारण काय असेल?

आणि माझ्याकडे दोन सिमं आहेत. एकाला खोलीत चांगला डेटा मिळतो, दुसऱ्याला काडीची रेंज नाही. दुसऱ्याचे फोन पहिल्याच्या डेटावरून येऊ शकतात काय?

तारायंत्र
कॉलेज, ऑफिस, हॉस्टेल इथे इंटरनेटवर पहारा असतो. वायफाय कॉलिंगचा तो बोगदा यूडीपी या इंटरनेटवर माहिती पाठवायच्या पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या दोन पोर्टांवरून, म्हणजे क्रमांकाच्या वाटांवरून, जातो. नेटवर्क सांभाळणाऱ्याने ते बंद ठेवले असतील तर तुमचा फोन काही करू शकत नाही. त्यांना जाऊन हे दोन आकडे सांगा, उघडणं त्यांच्या हातात आहे. घरच्या राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू नावाचा पर्याय असतो, तो चालू हवा.

गावातल्या केबलवाल्यांच्या लाइनवर आणखी एक गोम असते. चिन्ह येतं, आपण लावलेला फोन लागतो, पण बाहेरून आलेला वाजत नाही. केबलवाला पुष्कळ घरं इंटरनेटच्या एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतो आणि त्याचं यंत्र थोडा वेळ हालचाल दिसली नाही की वाट बंद करतं. फोन अधूनमधून खूण पाठवून वाट उघडी ठेवायचा प्रयत्न करतो, पण बॅटरी वाचवण्याची सेटिंग कडक असेल तर ती खूणही थांबते. घरी ठेवलेल्या फोनवर बॅटरी सेव्हर बंद ठेवा आणि स्क्रीन बंद झाल्यावर वायफाय चालू राहील असं करा. तरी जमलं नाही तर केबलवाल्याला यूडीपीची वेळमर्यादा वाढवायला सांगा. चांगला असेल तर त्याला समजेल.

दोन सिमांचं: होय, येऊ शकतात. आयफोनवर आणि पिक्सेलसारख्या काही अँड्रॉइड फोनवर एका सिमचं वायफाय कॉलिंग दुसऱ्या सिमच्या डेटावर चालतं. आयफोनमध्ये त्या रेंज नसलेल्या सिमचं वायफाय कॉलिंग चालू करा आणि मोबाईल डेटा आपोआप बदलण्याची परवानगी द्या. डेटा फार जात नाही, मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत. सीमेवरच्या माणसाला हे फार कामाचं आहे. एक सिम महाराष्ट्राचं, एक कर्नाटकचं असं पुष्कळांकडे असतंच.

मलप्रभा
विमान मोड लावून बघितलं. आमच्या शेजारच्या आजींच्या फोनवर चिन्ह आलं, नातवाचा फोन आतल्या खोलीत वाजला. जांभ्याच्या जाड भिंती आहेत त्यांच्या घराच्या, तिथे आजवर कधी फोन वाजला नव्हता. एसएमएस मात्र त्यांच्या फोनवर आला नाही, माझ्यावर आला. सिम एकाच कंपनीचं, म्हणजे फोनचाच फरक.

मला वाटतं हे सगळं गणपतीत करून घ्यावं. पुणे-मुंबई-गोव्याची सगळी मुलं घरी येतात. प्रत्येकाने आपल्या घरचा आणि शेजारच्या दोन घरचा फोन तपासून द्यायचा: पर्याय चालू, वायफायला पहिला मान, व्होल्टी चालू, बॅटरी सेव्हर बंद, आणि ११२ ला काय सांगायचं ते. मी सेटिंगच्या प्रत्येक पायरीचे फोटो काढून मराठी मेनूसह इथे टाकते. आमच्याकडे पुष्कळ फोनांत मेनू कन्नडमध्ये आहे, ते फोटो कुणी देईल का?

घाटवाट
कन्नड मेनूचे मी देतो. दोन-तीन वेगवेगळ्या फोनांचे काढतो, रविवारी टाकतो. आणि पीडीओंना द्यायच्या टॉवरच्या अर्जाचा मसुदा पण तयार करतो, मराठी आणि कन्नड दोन्हीत. ज्यांना आपल्या पंचायतीसाठी हवा त्यांनी खाली गावाचं नाव लिहा.